नौबाद ते अष्टूर : बिदरीभोवती आखलेली तीन दिवसांची सहल

दामाजीपंतांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे गरिबांसाठी उघडणारे दामाजीपंत, संतापलेला बेदरचा बादशहा आणि विठू महाराच्या रूपात जाऊन त्याच्यापुढे मोहरांची थैली रिकामी करणारा पंढरीचा विठोबा. गोष्ट पाठ असते, पण ते बेदर म्हणजे आपल्या शेजारचेच बिदर, हे मुलांना सांगावे लागते. उदगीरहून सत्तरएक किलोमीटर, कलबुर्गीहून सव्वाशेच्या आत. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेही बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार राज्ये झाली आणि एकाच जिल्ह्यातली नातीगोती दोन राज्यांत वाटली गेली. आमच्या पिढीला मामाच्या गावाला जाताना सीमा ओलांडल्याचे कधी जाणवलेही नाही. पुण्या-बंगळूरला वाढलेल्या मुलांना मात्र हंपी माहीत असते, बदामी माहीत असते, बिदर मात्र रेल्वेच्या वेळापत्रकातले एक स्टेशन असते.

या अंकासाठी सहलीचा एक आराखडा देत आहोत. तो नेहमीसारखा 'दहा प्रेक्षणीय स्थळे' असा नाही. बिदरमध्ये किल्ला आहे, मदरसा आहे, मकबरे आहेत. ते सगळे एका दमात पाहिले तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या डोक्यात फक्त घुमट उरतात. म्हणून सहलीच्या मधोमध एकच गोष्ट ठेवावी, बिदरी काम. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली फुलदाणी किंवा पानदान तुमच्या ओळखीच्या कुणाच्या तरी शोकेसमध्ये असेलच. ती वस्तू कशी होते, इथेच का होते आणि कोण करते, हे तीन प्रश्न घेऊन निघालात तर प्रत्येक ठिकाण त्यांतल्या एकाचे उत्तर देते.

कधी जावे

दोन वेळा चांगल्या. पहिली थंडीची, त्यातही वेळ अमावास्येच्या आसपासची. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर, धाराशिव, बिदर आणि कलबुर्गी या सगळ्या पट्ट्याचा सण आहे. त्या दिवशी गावे ओस पडतात, सारी माणसे शेतात जातात. भज्जी, उंडे, आंबील, बाजरीची भाकरी असे जेवण झाडाखाली पंगत मांडून होते. कुणाचे शेत असेल तर आमंत्रण मागून घ्या. या दिवशी मागून घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी वेळ अष्टूरच्या जत्रेची. बिदरपासून तीन-चार किलोमीटरवर अष्टूर नावाचे खेडे आहे. तिथे बहमनी सुलतानांचे मकबरे आहेत आणि त्यांतल्या अहमदशाह वली या सुलतानाचा उरूस भरतो. हा उरूस हिजरी महिन्यांवर ठरत नाही, आपल्या पंचांगावर ठरतो. होळीनंतर साधारण विसाव्या दिवशी, म्हणजे गुढीपाडव्याच्या चार-पाच दिवस पुढे. तेव्हा ऊन चढलेले असते, हे लहान मुले असलेल्यांनी ध्यानात घ्यावे. पण पठारावरची जत्रा पाहायची असेल तर हीच वेळ. जत्रेबद्दल पुढे सविस्तर येईलच. नेमकी तारीख दरवर्षी बिदरमधल्या ओळखीच्या माणसाकडून पक्की करून मगच तिकिटे काढा.

पोहोचायला अडचण नाही. लातूर-उदगीर-भालकी-बिदर असा रेल्वेमार्ग आहे. हुमनाबादवरून जाणारा बिदर-कलबुर्गी मार्ग 2017 मध्ये सुरू झाला. हैदराबादहून रस्त्याने तीन तास पुरतात.

पहिला दिवस, सकाळ : नौबादचे भूमिगत पाणी

सहलीची सुरुवात किल्ल्यापासून नको, नौबादपासून करा. 'नौ-आबाद' म्हणजे नव्याने वसवलेली वस्ती. आज ते बिदरचे उपनगर आहे. घरे, रस्ते, दुकाने, सगळे नेहमीसारखे. पण या वस्तीच्या पायाखालून पंधराव्या शतकातला एक बोगदा जातो. त्याला करेझ म्हणतात, स्थानिक लोक सुरंग बावी म्हणतात. बावी म्हणजे कानडीत विहीर.

बिदर उंच पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून अधिक. इतक्या उंचीवर राजधानी वसवायची तर पाणी आणायचे कुठून? उत्तर पठारातच दडलेले होते. बिदरच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. कोकणात घरांना जो चिरा वापरतात तोच हा लालसर, सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या काळ्या कातळावर येऊन थांबते. इराणी तंत्र जाणणाऱ्या माणसांनी हे पाणी पकडले. आधी उंचावर एक मुख्य विहीर खणायची. मग तिथून अगदी हलका उतार देत जमिनीखाली बोगदा कोरत न्यायचा आणि ठरावीक अंतरावर वरपर्यंत उभ्या विहिरी पाडायच्या. या विहिरींतून खोदकामाची माती वर येई, हवा आणि उजेड आत जाई, लोक पाणीही शेंदत. पंप नाही, रहाट नाही, पाणी आपल्या उताराने वाहत जाते.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मलिक अंबरची नहर याच जातीची. पण नौबादचे करेझ त्याहून दीड शतकाने तरी जुने आहे.

नौबादमध्ये पाहायचे ते जमिनीवरून चालत. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत रांग धरून चाला आणि पुढची विहीर कुठे असेल ते मुलांना ओळखू द्या. काही विहिरी घरांच्या मधे सापडतात, काही रस्त्याच्या कडेला, काही बुजून गेल्या आहेत. बरीच वर्षे लोकांना ही कचरा टाकायची जागा वाटत होती. गेल्या दहा-बारा वर्षांत अभ्यासकांनी या बोगद्याची मापे घेतली, जिल्हा प्रशासनाने गाळ उपसायला घेतला, तेव्हा पाणी पुन्हा दिसू लागले. पाचशे वर्षांपूर्वीच्या उतारावरून ते अजून वाहत होते, वर फक्त आपण विसरलो होतो.

दोन सूचना. मुलांचे हात सोडू नका, कारण या विहिरी खोल आहेत. आणि माहितगार माणसाशिवाय बोगद्यात उतरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको.

बिदरच्या पाण्याची आणखी दोन रूपे याच सकाळी जमतील. गुरुद्वारा नानक झिरा साहिबमधला गोड्या पाण्याचा झरा शीख बांधव गुरू नानकांच्या दक्षिण यात्रेशी जोडतात. तिथे लंगरमध्ये बसून जेवा, मुलांना वाढायला लावा. नरसिंह झरणीला देवापर्यंत जायला छातीएवढ्या पाण्यातून बोगद्यासारख्या गुहेत चालावे लागते. ती उघडी आहे का, हे आधी विचारून घ्या. झरा, गुहा, करेझ, तिन्हीकडे पाणी त्याच लाल दगडातून येते. हा लाल दगड आणि ही माती लक्षात ठेवा, दुपारी तिच्याशी पुन्हा गाठ आहे.

पहिला दिवस, दुपार : एका वस्तूला किती हात लागतात

जुन्या शहराच्या मध्यावर चौबारा नावाचा उंच बुरूज आहे. तिथून महमूद गवानच्या मदरशाकडे जाणाऱ्या रस्त्याला बिदरीची दुकाने लागतात, आणि दुकानांच्या मागे किंवा आसपास कारखाने. कारखाना म्हटले तरी बहुतेक ठिकाणी एक खोली, जमिनीवर बसलेले चार-पाच कारागीर आणि हातोडीची टकटक एवढेच. दुकानात आधी विचारा, 'काम बघायला मिळेल का?' मराठीत विचारले तरी चालते. बिदरमध्ये कानडी, मराठी, दख्खनी आणि तेलुगू या चारही भाषा रोज एकमेकींत मिसळतात. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा शनिवार धरलेला बरा.

काम असे चालते. जस्त आणि तांबे वितळवून एकत्र करतात, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. मातीत एरंडेल आणि राळ मिसळून केलेल्या साच्यात हा रस ओततात. बाहेर येते ती वस्तू राखाडी आणि खडबडीत असते. कानशीने घासून ती गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचे पाणी लावतात. त्याने ती तात्पुरती काळी होते, म्हणजे तिच्यावर काढलेली रेघ स्पष्ट दिसावी. मग नक्षीकार पोलादी टोकाने थेट धातूवर चित्र काढतो. खाली पेन्सिलची रेघ नाही, छापील नमुना नाही. वेली, अफूची फुले, तारे, अशर्फीची बुटी, सारे हातात बसलेले. पुढचा माणूस छिन्नीने त्या रेघा कोरून खाचा पाडतो, आणखी एक जण त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवतो. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान.

इथवर सारी वस्तू पुन्हा घासल्यामुळे राखाडी झालेली असते आणि त्यावरची चांदी दिसतही नाही. शेवटची पायरी पाहायला मिळाली तर सहल वसूल झाली समजा. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवतात, वस्तू हलकी तापवतात आणि हे मिश्रण तिला चोळतात. बघता बघता अंग काळेभोर होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. मग तेलाचा हात फिरवला की काम पुरे.

ही माती कुठलीही चालत नाही. किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांच्या आडोशाची, जिला वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही अशी हवी. तिच्यात सोऱ्यासारखे क्षार साठतात आणि जस्ताला काळे करायचे काम तेच करतात. जाणकार कारागीर चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कामाची आहे की नाही ते सांगतात. 'इथेच का होते', या प्रश्नाचे उत्तर हे असे जिभेवर आहे.

बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री. मान मिळाला, पण खोलीतला हिशेब अजून अवघड आहे. चांदीचा भाव वाढतो, वस्तूची किंमत त्या मानाने वाढत नाही, आणि एका फुलदाणीत पाच माणसांचे दिवस गेलेले असतात. घरातल्या मुलाने शिकून नोकरी धरली तर त्याला दोष कोण देणार? आपल्याच घरातल्या मुलांनी शेती सोडली, तेव्हा आपण तरी दुसरे काय केले? फरक एवढाच की शेत पडून राहिले तरी पुन्हा नांगरता येते. धातूवर थेट वेल काढणारा हात एकदा थांबला की तो पुस्तकातून परत येत नाही.

म्हणून खरेदीबद्दल चार शब्द. मोठी वस्तू घेतलीच पाहिजे असे नाही. कानातले, किल्लीची साखळी, पेन ड्राइव्हचे आवरणसुद्धा बिदरीत मिळते. पण जे घ्याल ते काम पाहून घ्या. बोटाने चाचपून पाहा, चांदी अंगात बसलेली असते, वर रंगवलेली नसते. हातात धरल्यावर वस्तू आकाराच्या मानाने जड लागते. मुलांसमोर प्लास्टिकच्या बादलीसारखी घासाघीस करू नका. तेच मुलांचे त्या दिवशीचे शिक्षण ठरेल. फोटो काढण्याआधी विचारा. घरी आल्यावर पितळेच्या भांड्यांबरोबर बिदरीला चिंच किंवा पितांबरी लावू नका, काळा रंग जाईल. मऊ फडक्यावर थेंबभर खोबरेल तेल पुरते.

दुसरा दिवस, सकाळ : किल्ला आणि मदरसा

आता किल्ल्यात शिरताना मुले आपणच माती शोधू लागतील. बहमनी राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली ती अहमदशाह वलीने, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. किल्ल्याच्या दक्षिणेला तिहेरी खंदक आहे. तो बांधलेला नाही, जांभा दगड कापून तयार केलेला आहे. करेझ ज्या कौशल्याने खणले, तेच हे कौशल्य.

आत सोळा खांब मशीद आहे, तख्त महाल आहे. पण बिदरी पाहून आलेल्यांनी रंगीन महाल चुकवू नये. त्याला अनेकदा कुलूप असते. किल्ल्यातल्या संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना विनंती केली तर उघडून दाखवतात. सोळाव्या शतकात अली बरीदच्या काळात सजवलेल्या या महालात काळ्या दगडाच्या चौकटींवर शिंपल्याची नक्षी जडवलेली आहे. काळ्या जमिनीवर पांढरी चकाकणारी वेल. काल कारखान्यात जे धातूवर पाहिले, ते इथे दगडावर आहे. आम्ही काही सांगण्याआधीच बरोबरची मुलगी म्हणाली, 'हे तर बिदरीच की!' शाळेत इतिहासाचे प्रकरण वाचून असे म्हणवत नाही.

मग मदरसा. महमूद गवान हा इराणहून आलेला व्यापारी पुढे बहमनींचा वजीर झाला. त्याने 1472 मध्ये हे तीन मजली विद्यापीठ उभारले. दोन मिनारांपैकी एकच उरला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. उरलेल्या भिंतीवर निळ्या-हिरव्या कौलांची नक्षी अजून दिसते. ज्या वजिराने हे बांधले त्याला 1481 मध्ये सुलतानाने खोट्या आरोपावरून मारले आणि त्यानंतर राज्यही फार टिकले नाही. थोरल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

घरात निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले पणजोबा किंवा आजोबा असतील, तर त्यांना बरोबर न्याच. 17 सप्टेंबर 1948 पूर्वी शाळेत गेलेली ती पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. दुकानाच्या पाटीवरचे उर्दू ते अजून सहज वाचतात आणि नातवंडे तोंड उघडे ठेवून बघत राहतात. ही संधी फार वर्षे राहणार नाही.

दुसरा दिवस, संध्याकाळ : अष्टूर

ऊन उतरल्यावर अष्टूरला जा. माळावर ओळीने मकबरे उभे आहेत. एकाचा अर्धा घुमट वीज पडून कोसळला असे सांगतात, त्यामुळे घुमटाचा काप आतून-बाहेरून दिसतो. मुलांना तोच जास्त आवडतो. अहमदशाह वलीच्या मकबऱ्यात मात्र शांतपणे आत जा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. 1436 मध्ये वारलेल्या या सुलतानाच्या डोक्यावर लाल, निळ्या, सोनेरी रंगांची वेलबुट्टी आणि सुलेखन आहे. वेली पुन्हा त्याच.

मुसलमानांसाठी हा सुलतान वली, म्हणजे संत. कित्येक लिंगायत भाविकांसाठी तो अल्लमप्रभूंचे रूप. म्हणून उरसाची सुरुवात कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळ गावाहून आलेल्या जंगमांच्या हातून होते. शंख वाजतो, नारळ फुटतो, फातिहाही होतो. मग जत्रा. खेळणी, बांगड्या, पेढे, पाळणे, कुस्तीच्या गप्पा, आसपासच्या खेड्यांतून आलेली बैलगाडी-ट्रॅक्टरभर माणसे. तिथे कोण कोणत्या धर्माचा हे विचारत बसायला कुणाला सवड नसते. जत्रेच्या दिवसांत गेलात तर ही संध्याकाळ दीड दिवसाची होईल, तेवढी जागा आराखड्यात ठेवा. इतर वेळी गेलात तर सूर्यास्तापर्यंत माळावर बसा.

तिसरा दिवस : परतीची वाट

लातूर-सोलापूरकडच्यांनी हुमनाबादवरून जावे. तिथल्या माणिकनगरला माणिकप्रभूंची समाधी आहे. लाडवंतीला 1817 मध्ये जन्मलेल्या या दत्तसंप्रदायी सत्पुरुषाच्या दरबारात हिंदू-मुसलमान दोघेही येत. जवळच बसवकल्याण, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाची भूमी. कलबुर्गीकडे उतरणाऱ्यांनी तिथल्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद पाहावी, म्हणजे बहमनींची आधीची राजधानीही पाहून होते. गाणगापूर अनेकांच्या यादीत असतेच. हैदराबादमार्गे जाणाऱ्यांनी सालारजंग संग्रहालयातली जुनी बिदरी बघावी. दोनशे वर्षांपूर्वीचा हुक्का पाहताना मुले आता काच न्याहाळणार नाहीत, काम न्याहाळतील.

सामान बांधताना एक कोरी वही टाका. नौबादच्या विहिरींची रांग, बिदरीतली एक बुटी, रंगीन महालातली एक वेल आणि अष्टूरच्या घुमटातले एक फूल, एवढी चारच चित्रे मुलांनी हाताने काढावीत. मोबाइलमधले फोटो पुढच्या सहलीपर्यंत विसरले जातात. वही घरच्या कपाटात राहते, आणि कधीतरी कुणीतरी ती उघडून विचारते, 'हे बिदर म्हणजे नेमके कुठे?' तेव्हा सांगता यावे, की आपल्याच अंगणापलीकडे.